जीईडीचं गणित दोनदा राहिलं, शिकवणी कुणाकडे लावू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंचं महाराष्ट्रात दहावीला गणित राहिलं आणि शिक्षण तिथेच थांबलं. लग्नानंतर त्या अमेरिकेत आल्या. आता वयाच्या ३४ व्या वर्षी त्यांना एलपीएन, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्सचा अभ्यासक्रम करायचा आहे आणि प्रवेशासाठी हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र लागतं. जीईडी ही असं प्रमाणपत्र देणारी चार विषयांची परीक्षा. तिचे बाकीचे तीन विषय निघाले. गणितात पहिल्यांदा १३५ आले, दुसऱ्यांदा १३८. पास व्हायला १४५ लागतात. मुलाला एसएटीसाठी, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेसाठी, शिकवणारे सर त्यांनाही शिकवायला तयार आहेत. त्यांनाच विचारावं का, नाहीतर शिक्षक कुठे शोधावा, कसा ओळखावा आणि किती पैसे द्यावेत, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी १६ वर्षं इथल्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गांत जीईडीचं गणित शिकवते आहे. तुमच्यासारख्या पुष्कळ बायका माझ्या वर्गातून गेल्या. तीन विषय झाले आणि गणितावर गाडी अडली, हे चित्र मी दर वर्षी पाहते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुलाच्या सरांचं. माझं मत विचाराल तर नको. ते शिक्षक म्हणून चांगलेच असतील, पण एसएटीला बसणारा मुलगा रोज शाळेत गणित करत असतो. त्याला शिकवणारा माणूस वेग वाढवण्यात आणि पर्याय झटपट गाळण्यात वाकबगार होतो. तुमचं गणित १८ वर्षं बंद होतं. तुम्हाला कुणीतरी थांबून बघणारं हवं. दुसरं कारण घरातलं आहे. जे सर मुलाला शिकवतात त्यांच्यासमोर, मुलगा शेजारच्या खोलीत असताना, “मला अपूर्णांकांची बेरीज येत नाही” असं म्हणायला आईला फार जड जातं. मग समजलं नाही तरी मान डोलावली जाते. शिकवणीत मान डोलावणं सुरू झालं की शिकणं थांबलंच म्हणून समजा.

आता १३८ या आकड्याकडे बघू. जीईडीचे गुण १०० ते २०० या पट्टीवर मोजतात. सरावाची जी अधिकृत परीक्षा आहे, जीईडी रेडी, तिच्यात १३३ पर्यंतचा पट्टा लाल असतो, १३४ ते १४४ पिवळा आणि १४५ पासून हिरवा. तुम्ही दोन्ही वेळा पिवळ्या पट्ट्यात आहात. म्हणजे तुम्हाला गणित येत नाही असं नाही. बरंच येतं, पण मधेमधे भगदाडं आहेत. ही गोष्ट शिक्षक निवडताना फार महत्त्वाची आहे, कारण जो शिक्षक पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करेल तो तुमचे दोन महिने तुम्हाला येणाऱ्या गोष्टींवर घालवेल, आणि जो “जीईडीत निम्म्याहून जास्त बीजगणितच असतं” म्हणून थेट समीकरणांवर उडी मारेल तो भगदाडावर भिंत बांधेल. बीजगणिताचा वाटा खरंच मोठा आहे, साधारण ५५ टक्के. पण समीकरण सोडवताना माणूस अडखळतो तो बहुतेक वेळा समीकरणामुळे नाही, त्यातल्या उणे चिन्हामुळे किंवा अपूर्णांकामुळे.

तुम्हाला असा शिक्षक हवा, ज्याला तुमची चूक वाचता येते. बाकीच्या अटी नंतर.

म्हणजे काय ते उदाहरणाने सांगते. नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी दहा-बारा छोटी गणितं देते. वेळेचं बंधन नाही, कॅल्क्युलेटर नाही. ३/४ + १/६ किती? ०.६ आणि ०.४५ यांत मोठं कोण? −३ − ५ किती? ८० चे १५ टक्के किती? २(क्ष − ३) = १० असेल तर क्ष किती? पाठ्यपुस्तकातलं यात काहीच अवघड नाही, पण उत्तरं बघून माणसाचं अख्खं गणित दिसतं. कुणी ०.४५ मोठं म्हणतं, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. कुणी −३ − ५ चं उत्तर +८ लिहितं, कारण “उणे उणे अधिक” हा गुणाकाराचा नियम डोक्यात बेरजेच्या जागी जाऊन बसला आहे. कुणी २(क्ष − ३) चं २क्ष − ३ करतं, कंसाबाहेरचा २ फक्त पहिल्यालाच भेटतो, आणि क्षचं उत्तर ८ ऐवजी ६.५ येतं.

आणि ३/४ + १/६ चं उत्तर पुष्कळ जण ४/१० लिहितात. वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. इथे दोन प्रकारचे शिक्षक वेगळे होतात. एक म्हणतो, “नाही नाही, लसावि काढा, बारा, मग नऊ बारांश आणि दोन बारांश, अकरा बारांश.” बरोबर आहे, पण पुढच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा ४/१० लिहाल. दुसरा विचारतो, “हे कसं काढलंत?” तुमचं पूर्ण ऐकून घेतो. मग म्हणतो, “तुमच्याकडे आधीच पाऊण होतं. त्यात थोडं आणखी घातलं. आणि उत्तर आलं चार दशांश, म्हणजे अर्ध्यापेक्षाही कमी. घालून कमी कसं झालं?” हा प्रश्न ऐकल्यावर जो क्षण येतो ना, माणूस थबकतो आणि स्वतःच म्हणतो, “अरे, हे चालणारच नाही”, त्या क्षणानंतर लसावि शिकवला तर तो टिकतो.

आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे जिवंत शब्द आहेत. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. इथल्या मुलांना तीन चतुर्थांश हे दोन आकडे एकावर एक रचलेले दिसतात. तुम्हाला पाऊण ही एक वस्तू दिसते. ही तुमची जमेची बाजू आहे, आणि चांगला शिक्षक ती वापरून घेतो. मी तर मराठी विद्यार्थ्यांना अपूर्णांक शिकवताना पहिला आठवडा वहीच उघडत नाही. पाऊण आणि पाव किती, दीडमधून पाऊण गेले तर उरले किती, अडीचचे निम्मे किती, नुसतं तोंडी.

यावरून भाषेचा मुद्दा येतो. शिक्षक मराठीच असावा का? असलाच पाहिजे असं नाही, पण असला तर काय करायचं आणि काय नाही ते सांगते. जीईडी इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये घेतात, मराठीत नाही. तेव्हा परीक्षेचं वाक्य वाचायचं ते इंग्रजीतच. जो मराठी शिक्षक प्रेमापोटी प्रत्येक शाब्दिक उदाहरण आधी मराठीत सांगून टाकतो, तो नकळत तुमचं नुकसान करतो, कारण परीक्षेच्या खोलीत तो शेजारी नसणार. वाक्य इंग्रजीत तुम्ही वाचा, मराठीत तुम्हीच सांगा, आणि त्याने फक्त ऐकावं. या तिसऱ्या कामासाठी मराठी शिक्षकाचा खरा उपयोग आहे.

आणि इथे एक गंमत आहे, जी मला शिकवता शिकवता कळली. इंग्रजीत “फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर” असं लिहिलेलं असतं. डावीकडून उजवीकडे लिहीत गेलं की ५ − २क्ष होतं, आणि ते चूक आहे. इथे जन्मलेली, इंग्रजीच बोलणारी मुलंही ही चूक सर्रास करतात. आता तेच मराठीत म्हणा: संख्येच्या दुपटीपेक्षा पाचने कमी. आधी दुप्पट आली, मग पाच वजा झाले. २क्ष − ५. मराठीचा क्रम गणिताच्या क्रमाशी जुळतो. “सबट्रॅक्ट सेव्हन फ्रॉम अ नंबर” चंही तेच: संख्येतून सात वजा करा, क्ष − ७. मराठीत विचार केल्याने आपण मागे पडतो असं पुष्कळ बायकांना वाटतं. या जागी मराठी तुम्हाला वाचवते.

उलट बाजूने फसवणारे शब्दही आहेत. “ॲट लीस्ट” मधला लीस्ट ऐकून हात आपोआप “पेक्षा लहान”चं चिन्ह काढतो. त्याचा अर्थ कमीत कमी, म्हणजे तेवढे किंवा त्याहून जास्त. “नो मोर दॅन” म्हणजे जास्तीत जास्त. असे वीस-पंचवीस शब्दप्रयोग आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर इंग्रजी वाक्य, त्याचं तुमचं मराठी आणि चिन्ह, अशी यादी करत जा. तुमचा १३८ चा आकडा पाहून माझा अंदाज आहे की तुमचे निम्मे गुण इथे अडकले असावेत. अंदाजच आहे, वही बघितल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही.

मापांचाही एक कोपरा आहे. आपण मीटर-किलोवर वाढलो. इथे फूट, यार्ड, पाउंड, गॅलन. १२ फूट बाय १५ फूट खोलीला गालिचा घालायचा आहे, किती चौरस यार्ड लागेल? १८० चौरस फूट सगळ्यांना येतं. पुढे एक यार्ड म्हणजे तीन फूट म्हणून तीनने भागतात आणि ६० लिहितात. चौरस यार्डात नऊ चौरस फूट बसतात, उत्तर २०. शिक्षक हे नियम म्हणून सांगतो की चौकोन काढून नऊ खाने मोजायला लावतो, तेही बघा.

आता शोधायचं कुठे.

सगळ्यात आधी फुकटचं. अमेरिकेत प्रौढांच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारचा निधी असतो. २०१४ च्या वर्कफोर्स इनोव्हेशन अँड ऑपॉर्च्युनिटी ॲक्टच्या दुसऱ्या भागातून तो राज्यांना मिळतो आणि त्यातून कम्युनिटी कॉलेजं, शाळांचे जिल्हे आणि काही संस्था मोफत वर्ग चालवतात. फोन करून “हायस्कूल इक्विव्हॅलन्सीचा वर्ग” असं विचारा. ते आधी टेब किंवा कॅसास नावाची चाचणी घेतात. घाबरू नका, ती पास-नापासाची नसते, तुम्हाला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवायला असते. तिचा निकाल मागून घ्या, पुढे शिक्षकाला दाखवायला उपयोगी पडतो. नॅशनल लिटरसी डिरेक्टरी या संकेतस्थळावर झिप कोड टाकला की जवळचे कार्यक्रम दिसतात. वर्ग भरलेला असेल तर प्रतीक्षायादीत नाव घाला आणि लगेच दुसरा प्रश्न विचारा: “तुमच्याकडे स्वयंसेवक ट्यूटर आहेत का?” हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. पुष्कळ ठिकाणी निवृत्त शिक्षक आठवड्यातून एक तास एकेकट्याला शिकवायला येतात, आणि माझ्या पाहण्यातले सर्वांत चांगले शिक्षक यांच्यातले आहेत. त्यांना घाई नसते.

सार्वजनिक वाचनालयात जा. इथल्या अनेक वाचनालयांनी ब्रेनफ्यूज किंवा ट्यूटर डॉट कॉमसारखी ऑनलाइन शिकवणीची सेवा घेतलेली असते, आणि वाचनालयाच्या कार्डावर ती मोफत मिळते. दर वेळी वेगळा शिक्षक भेटतो, त्यामुळे मुख्य शिकवणी म्हणून ती पुरी पडत नाही. पण रात्री नऊ वाजता एका गणितापाशी अडलात तर विचारायला उत्तम.

पैसे देऊन शोधायचं असेल तर वायझंटसारख्या संकेतस्थळावर शिक्षकांची माहिती, दर आणि आधीच्या विद्यार्थ्यांचे अभिप्राय दिसतात. शोधताना “गणित” टाकू नका, “जीईडी” टाका. अभिप्राय वाचताना तारे मोजण्यापेक्षा शब्द बघा. “खूप हुशार”, “सगळं येतं” यापेक्षा “वीस वर्षांनी गणित केलं आणि पास झाले” असं लिहिणारी एखादी बाई सापडली तर तो शिक्षक तुमच्या कामाचा.

आणि आपली माणसं. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर विचारलंत तर संध्याकाळपर्यंत पाच इंजिनिअर तयार होतील. त्यांच्या मनाबद्दल शंका नाही. पण ज्याला गणित कधीच अडलं नाही त्याला अडण्याची जागा दिसत नाही. त्याऐवजी एक विचारा: कुणाचे आई-वडील सहा महिन्यांसाठी आले आहेत आणि ते शाळेत गणित शिकवायचे का? अशी एक निवृत्त बाई माझ्या एका विद्यार्थिनीला शेजारच्याच इमारतीत भेटल्या. सातवी-आठवीला ३० वर्षं शिकवलेल्या. त्यांनी चार आठवड्यांत ऋण संख्या अशा पक्क्या करून घेतल्या की मला पुन्हा हात लावावा लागला नाही. मात्र पाहुण्यांच्या व्हिसावर आलेल्यांना पैसे देऊ नका, त्यांना इथे काम करायची परवानगी नसते. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असलेल्या आणि कामाचा परवाना नसलेल्या मैत्रिणीचंही तसंच.

फी. सशुल्क शिकवणीचा दर तासाला २५-३० डॉलरपासून ८० च्या वरही जातो. जास्त दर म्हणजे जास्त चांगला शिक्षक असं माझ्या अनुभवात नाही. दहा तासांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला पहिल्या तासाआधी हो म्हणू नका. आठवड्याला दोन तास १२ आठवडे धरले तर २४ तास होतात. ४० डॉलरच्या दराने ९६० डॉलर. ही रक्कम लहान नाही. म्हणून मी सुचवेन: मोफत वर्ग लावा आणि त्याच्या जोडीला फक्त भगदाडांसाठी आठवड्याला एक तास सशुल्क. तुमच्याच पायरीवरची एक मैत्रीण मिळाली तर दोघींत एक तास वाटून घ्या. दोघी असल्या की एकीच्या चुकीतून दुसरीही शिकते.

“पास करून देण्याची हमी”, “परीक्षेशिवाय घरबसल्या डिप्लोमा” असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. जीईडीची नोंदणी तिच्या अधिकृत संकेतस्थळावरच होते आणि परीक्षा द्यावीच लागते, केंद्रावर किंवा देखरेखीखाली ऑनलाइन.

पहिल्या तासाला काय बघायचं ते आता सांगते, कारण निवड तिथेच होते. जाताना दोन गोष्टी न्या. जीईडीच्या खात्यात तुमच्या दोन्ही परीक्षांचे निकालपत्रक आहे. त्यात नुसता आकडा नसतो, कुठली कौशल्यं सुधारायची तेही लिहिलेलं असतं. ते छापून न्या. दुसरं, तुम्ही चुकवलेली पाच-सहा गणितं, खाडाखोडीसकट, जशी आहेत तशी. सुंदर अक्षरात पुन्हा उतरवू नका. शिक्षकाला खाडाखोडच वाचायची असते.

मग बघा की पेन कुणाच्या हातात आहे. तासाभरात ४० मिनिटं पेन त्याच्याकडे राहिलं तर त्याने गणित केलं, तुम्ही पाहिलं. “हे कसं काढलंत?” हे त्याने किती वेळा विचारलं? बरोबर आलेल्या उत्तराबद्दलही विचारलं का? चुकीच्या रस्त्याने बरोबर उत्तर येतं आणि तेच परीक्षेत दगा देतं. “हे तर सोपं आहे” असं तो म्हणाला का? त्याला वाटतं आपण धीर देतोय, पण ज्याला ते येत नाही त्याला ते वाक्य छडीसारखं लागतं. आणि तास संपताना त्याने सांगितलं का, की तुमचं इथे, इथे आणि इथे अडतंय, आपण या क्रमाने घेऊ? हे सांगता येणं ही माझी मुख्य कसोटी आहे. पदवी मी विचारत नाही.

एक बाई माझ्याकडे अशाच यायच्या, सुरुवातीच्या वर्षांत. मी भरभर शिकवत असे. पाच वर्गांनंतर त्या येईनाशा झाल्या. पुढे दुकानात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “तुम्ही फळ्यावर लिहायच्या तेव्हा सगळं कळायचं, घरी गेलं की काहीच नाही यायचं. मला वाटलं, मीच ढ.” त्या ढ नव्हत्या. मी त्यांची वही एकदाही नीट उघडून बघितली नव्हती. तेव्हापासून मी पहिल्या दिवशी शिकवत नाही, नुसतं वाचते.

शिक्षकाला परीक्षाही माहीत हवी. गणिताला ११५ मिनिटं असतात. सुरुवातीच्या थोड्या प्रश्नांना कॅल्क्युलेटर नाही, पुढे टीआय-३० एक्सएस मल्टिव्ह्यू चालतो आणि सूत्रांचं पान समोर असतं: दंडगोल, शंकू, गोल यांचं घनफळ, पायथागोरसचं प्रमेय, रेषेचा चढ, वर्गसमीकरणाचं सूत्र, सरळव्याज. तेव्हा जो शिक्षक तुमच्याकडून घनफळाची सूत्रं पाठ करून घेतो त्याने परीक्षा बघितलेली नाही. त्या पानावरचं योग्य सूत्र ओळखून त्यात आकडे भरण्याचा सराव हवा. एक शब्द मात्र लक्षात ठेवा: समलंब चौकोनाला इथे ट्रॅपेझॉइड म्हणतात, भारतातल्या इंग्रजी पुस्तकांत ट्रॅपिझियम असतं.

कॅल्क्युलेटर हातात घेऊन शिकवणं हा शिकवणीचा भाग आहे. या यंत्रावर वजाबाकीची कळ वेगळी आणि ऋण चिन्हाची, कंसातली, वेगळी. दोन्हींत गल्लत झाली की यंत्र चूक दाखवतं किंवा आधीच्या उत्तरातून वजा करतं. −३ चा वर्ग कंस न घालता दाबलात तर −९ येतं, कंस घातलात तर ९. अपूर्णांक थेट भरायची कळ आहे, आणि उत्तर अपूर्णांकातून दशांशात बदलायचीही आहे. या चार गोष्टी अंगवळणी पडल्या तर एक-दोन गुण नक्की हातात येतात. केंद्रावर स्वतःचं यंत्र नेता येतं. घरून ऑनलाइन देणार असाल तर पडद्यावरचंच वापरावं लागतं, म्हणून सरावही तसाच करा. परीक्षेच्या आधी अधिकृत संकेतस्थळावर त्या वेळचे नियम एकदा वाचून घ्या.

वेळेचं सांगते. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा आठवड्यात दोनदा एक-एक तास आणि रोज घरी २५ मिनिटं. कामावरून थकून आल्यावर नवीन काही करू नका, आदल्या दिवसाची चुकलेली दोन गणितं पुन्हा करा. जीईडी रेडी लगेच देऊ नका, ती सहाव्या-सातव्या आठवड्यात द्या. हिरव्या पट्ट्यात आलात तरच तारीख घ्या. ऑनलाइन द्यायची असेल तर गेल्या ६० दिवसांतला हिरवा निकाल तसाही सक्तीचा आहे. तुमचे दोन प्रयत्न झाले आहेत. तिसराही गेला तर साधारणपणे ६० दिवस थांबावं लागतं, म्हणून तिसरा प्रयत्न तयारीने करा.

पण वर्षानुवर्षं लांबवूही नका. २०१३ च्या अखेरीस जीईडीची जुनी, २००२ ची आवृत्ती बंद झाली आणि २०१४ पासून नवी आली. जुन्या आवृत्तीत पाच विषय होते. ज्यांचे चार निघाले होते आणि गणित राहिलं होतं त्यांचे चारही वाया गेले, सगळं पहिल्यापासून. माझ्या वर्गातल्या दोघींनी तेव्हा नाद सोडला. आज तुमचे तीन विषय सुरक्षित आहेत. ते सुरक्षित असेपर्यंत चौथा काढा.

आकडे उलटसुलट दिसणं, ओळ सुटणं असा त्रास तुम्हाला लहानपणापासून असेल तर तोही दडवू नका. निदानाची कागदपत्रं असतील तर जीईडीच्या खात्यातून जादा वेळेसाठी अर्ज करता येतो. शाळेत “लक्ष नाही” म्हणून ओरडा खाल्लेल्या काही बायकांना खरं कारण पस्तिशीत कळलेलं मी पाहिलं आहे.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. ही परीक्षा म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी म्हणते, आपल्याकडे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देतात ना, तशातली. पण तुमची भारतातली बारावी झालेली असेल तर आधी नेसेसच्या (परदेशी शिक्षणाचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या) सदस्य संस्थेकडून गुणपत्रिकेचं मूल्यमापन करून घ्या आणि ज्या कॉलेजात जायचं आहे त्यांना ते चालतं का विचारा. कदाचित जीईडीची गरजच पडणार नाही. आणि न्यू जर्सीसह काही राज्यांत हायसेट नावाची दुसरी परीक्षाही चालते, तिथे गुणांची पट्टी १ ते २० असते आणि प्रत्येक विषयात निदान ८ लागतात. ताई, तुम्ही मात्र आता परीक्षा बदलू नका, तीन विषय जीईडीत झाले आहेत.

एलपीएनचं मनात धरून शिकवायलाही शिक्षकाला सांगा. डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम द्यायला सांगितलं, बाटलीवर लिहिलंय ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, तर किती मिलिलिटर? १०. हे आपलं त्रैराशिक आहे. जीईडीत गुणोत्तर-प्रमाण भरपूर येतं, आणि पुढे नर्सिंगमध्ये रोज येईल. एकदाच शिका, दोन्हीकडे वापरा.

शिक्षकाला पहिला निरोप काय पाठवायचा म्हणून अडू नका. असा पाठवा, इंग्रजीत करून: “मी ३४ वर्षांची आहे. जीईडीच्या गणितात दोन प्रयत्नांत १३५ आणि १३८ आले, बाकी विषय झाले आहेत. शाळा सुटून १८ वर्षं झाली. माझ्याकडे निकालपत्रक आणि चुकलेली गणितं आहेत. पहिल्या तासात मला शिकवू नका, माझं कुठे अडतं ते बघा आणि तासाच्या शेवटी सांगा. तुम्ही याआधी शाळा सोडलेल्या मोठ्या माणसांना शिकवलं आहे का?” तीन जणांना पाठवा. शेवटच्या प्रश्नाला जो नावगाव न सांगता एखाद्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगेल, त्याच्याकडे आधी जा.